मस्टरवरचा खेळाडू

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य नकाशावरून गेले. भाषेप्रमाणे त्याचे तीन वाटे झाले आणि मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले. नांदेड जिल्ह्यातला मुधोळ-भैंशाचा मुलूख आंध्राकडे गेला, तर बिदर जिल्ह्यातले निलंगा, उदगीर आणि अहमदपूर हे तालुके उस्मानाबादला जोडले गेले. १९८२ मध्ये उस्मानाबादेतून वेगळा झालेला लातूर जिल्हा पाहिला, तर त्याचा मोठा भाग याच तालुक्यांचा आहे. या वाटणीला बरोबर एक महिना झाला आणि १ डिसेंबरला मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताच्या फुटबॉल संघाने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवून उपांत्य फेरी गाठली. त्या संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हैदराबादचे. अझिझुद्दीन, नूर महंमद, झुल्फिकारुद्दीन, तुलसीदास बलराम हे खेळाडू हैदराबाद-सिकंदराबादचे. चारातले तीन गोल ज्याने मारले तो नेव्हिल डिसोझा मुंबईचा, मूळ घराणे गोव्यातले. म्हणजे नांदेड आणि लातूर ज्या राज्यातून नुकतेच बाहेर पडले होते त्याची राजधानी आणि ज्या राज्यात नुकतेच आले होते त्याची राजधानी, या दोन्ही शहरांनी मिळून भारतीय फुटबॉलचा तो सर्वांत मोठा दिवस घडवला. या दोन शहरांच्या मधोमध असलेल्या प्रदेशाचे नाव मात्र त्या खेळाच्या इतिहासात ठळकपणे कुठे येत नाही. असे का झाले, हा या लेखाचा प्रश्न आहे.

याचे सोपे उत्तर असे दिले जाते की मराठवाडा गरीब, कोरडवाहू, उशिरा शिकलेला. तिथे फुटबॉल कुठून येणार? हे उत्तर मला पटत नाही, कारण याच प्रदेशाने याच काळात देशाला पहिल्या प्रतीचे मल्ल दिले. अंगात ताकद होती, चिकाटी होती, खेळासाठी घरदार सोडण्याची तयारी होती. माझे म्हणणे असे, की खेळाडूची कारकीर्द ज्याने उभी राहते ती गोष्ट मैदानाबाहेर असते. सामना दीड तासाचा, कुस्ती तर कधी दीड मिनिटाची. वर्षाचे उरलेले दिवस खेळाडू काय खातो, कुठे राहतो, आजारी पडला तर त्याच्या घरी चूल कशी पेटते, याची जबाबदारी ज्या गावात कुणीतरी कायमची उचलली त्या गावात खेळ रुजला. जिथे ती जबाबदारी दर कुस्तीच्या इनामापुरतीच उचलली गेली, तिथून खेळाडू निघाले आणि दुसऱ्यांच्या गावी जाऊन मोठे झाले. लातूर-नांदेडचा क्रीडा-इतिहास हा असा स्थलांतराचा इतिहास आहे.

हे नीट दिसावे म्हणून थोडे लांब, जपानला जावे लागेल. १९६२ च्या जकार्ता आशियाई खेळांत भारताने जपानला २-० असे हरवले आणि पुढे अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला नमवून सुवर्णपदक मिळवले. त्या वेळी आशियात जपानच्या फुटबॉलला कुणी फारसे मोजत नव्हते. सहाच वर्षांनी मेक्सिको ऑलिंपिकमध्ये जपानने कांस्यपदक घेतले आणि त्या स्पर्धेत सर्वाधिक, सात गोल एका जपानी स्ट्रायकरचे होते. त्याचे नाव कुनिशिगे कामामोतो. नायजेरियाविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात त्याने हॅटट्रिक केली आणि कांस्यपदकाच्या सामन्यात यजमान मेक्सिकोविरुद्धचे दोन्ही गोल त्याचेच. जपानी फुटबॉल संघटनेच्या नोंदीप्रमाणे देशासाठी ७६ सामन्यांत ७५ गोल, राष्ट्रीय लीगमध्ये २५१ सामन्यांत २०२ गोल, सात हंगामांत सर्वाधिक गोलांचा मान. आशियात अशी कारकीर्द क्वचितच कुणाची असेल.

पण ती उभी कशावर होती ते पाहण्यासारखे आहे. कामामोतोचा जन्म १९४४ चा, क्योतोचा. वासेदा विद्यापीठातून बाहेर पडल्यावर १९६७ मध्ये तो ओसाकाच्या यानमार डिझेल या कंपनीत लागला. ‘लागला’ हा शब्द नोकरीला लागतात त्याच अर्थाने घ्यायचा. यानमार ही शेतकऱ्यांसाठी छोटी डिझेल इंजिने बनवणारी कंपनी. तिचे नावच भातशेतीवर भिरभिरणाऱ्या चतुराच्या जपानी नावावरून आलेले. १९६५ मध्ये जपानची राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हा तिच्यात आठ संघ होते. तोयो कोग्यो मोटारींचा, यावाता पोलादाचा, फुरुकावा विजेच्या तारांचा, शिवाय हिताची, मित्सुबिशी, तोयोताचा मागाचा कारखाना, नागोयाची एक बँक आणि यानमार. सगळे खेळाडू कंपनीच्या मस्टरवर. दिवसाचे काम करायचे, मग सराव करायचा, सुट्टीच्या दिवशी सामना. जपानमध्ये खेळाडूला उघडपणे व्यावसायिक म्हणून नोंदवायला १९८६ उजाडले आणि कामामोतो १९८४ मध्येच निवृत्त झाला होता. जपानच्या सर्वांत मोठ्या स्ट्रायकरला कागदोपत्री व्यावसायिक फुटबॉलपटू कधी म्हटलेच गेले नाही. खेळाडू म्हणून साऱ्या कारकिर्दीत तो इंजिनच्या कारखान्याचा नोकर होता.

त्या नोकरीने त्याला काय दिले? १९६८ मध्ये कंपनीत लागून वर्षही झाले नव्हते, तेव्हा तो पश्चिम जर्मनीत जाऊन काही आठवडे सराव करून आला. त्याच वर्षीच्या ऑलिंपिकमधले त्याचे सात गोल आपण वर पाहिले. मग १९६९ मध्ये त्याला विषाणूजन्य कावीळ झाली. विश्वचषकाच्या पात्रता सामन्यांना तो मुकला आणि युरोपातल्या क्लबांकडे जाण्याची संधीही गेली. पंचविशीतल्या खेळाडूचे यकृत बिघडते तेव्हा बहुतेक कारकिर्दी तिथेच संपतात. कामामोतो परत आला आणि १९७० च्या हंगामात लीगमध्ये पुन्हा सर्वाधिक गोल त्याचेच होते. जिद्द त्याची होती, यात शंका नाही. पण अंथरुणावर असताना त्याचे नाव मस्टरवर होते, हेही तितकेच खरे. पुढे १९७१, १९७४, १९७५ आणि १९८० मध्ये यानमारने लीग जिंकली.

आता हैदराबादकडे. तिथली गोष्टही मस्टरचीच, फक्त कारखान्याच्या जागी पोलीस खाते. पेशाने शिक्षक असलेले रहीम १९४३ मध्ये हैदराबाद फुटबॉल संघटनेचे सचिव झाले आणि १९५० पासून हैदराबाद सिटी पोलीस संघाला शिकवू लागले. त्याच वर्षी पोलिसांनी ड्युरँड चषकाच्या अंतिम सामन्यात मोहन बागानला हरवले. रोव्हर्स चषक हा मुंबईच्या कूपरेजवर भरणारा, क्लबांना धाक वाटावा असा मामला. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे तो पोलिसांनी नेला. हे यश कुणा नवाबाच्या लहरीतून आलेले नव्हते. निजामाचे राज्य १९४८ च्या सप्टेंबरात गेले, संघाची खरी भरभराट त्यानंतरची. त्यामागे होती शिपायाची नोकरी: दरमहा पगार, पोलीस लाइनीत राहायला खोली आणि रोज एकत्र सराव करणारी तीच ती अकरा-पंधरा माणसे. रहीम यांनी शिकवलेला छोट्या, जमिनीलगतच्या पासांचा खेळ हा रोज एकत्र राहणाऱ्यांनाच जमणारा खेळ होता. सामन्याच्या आदल्या दिवशी गाडीतून उतरलेल्या पाहुण्या खेळाडूंकडून तो होत नाही.

मग नांदेडचा मुलगा त्या लाइनीत का पोचला नाही? नांदेड मनमाड-सिकंदराबाद या रेल्वेमार्गावर होते. रात्रीच्या गाडीने सकाळी हैदराबादेत उतरता येई. उर्दू नांदेडात घरोघरी समजत होती. गुरुद्वारा, कापसाची बाजारपेठ, उस्मानशाही मिल यांमुळे शहर राजधानीशी बांधलेले होते. इथे एक आक्षेप घेतला जातो, तो सरळ बोलावा असा आहे: हैदराबादचे फुटबॉल मुसलमानांचे, मराठी माणसाला तिथे जागाच नव्हती. पुरावा याच्या विरुद्ध आहे. बलराम सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडाचा, घरची भाषा तमिळ; तो रहीम यांच्या नजरेत भरला आणि एकोणिसाव्या-विसाव्या वर्षी मेलबर्नला गेला. धर्म आड आला नाही, भाषाही आली नाही. पण अम्मुगुड्याहून रहीम यांच्या मैदानापर्यंत सायकलने जाता येत होते. खेळाडू निवडणारा माणूस जितक्या दूर पाहू शकतो तितकीच त्याच्या संघाची हद्द असते, आणि सिटी पोलीस हा नावाप्रमाणेच शहराचा संघ होता. जिल्ह्याच्या पोलिसांत शिपाई होते, कवायत होती. पण मस्टरवर खेळाडू म्हणून माणूस घ्यावा असे तिथे कुणाच्या डोक्यात आले नाही. राजधानीने जिल्ह्यांकडून सारा गोळा केला, तशी पोरे गोळा केली नाहीत. आणि ती व्यवस्था कधी जिल्ह्यांपर्यंत उतरलीच असती, तर तेवढ्यात १९५६ आले. नांदेडच्या पोलिसांचे वरिष्ठ आता मुंबईत बसू लागले.

मुंबईकडेही मस्टर होते. नेव्हिल डिसोझा टाटा आणि काल्टेक्स या कंपन्यांच्या संघांकडून खेळला. गिरण्या, रेल्वे, बंदर, तेलकंपन्या यांचे संघ कूपरेजवर उतरत. पण मुंबईच्या कंपन्या आपले खेळाडू मुंबईतच शोधत होत्या. गोव्याहून आलेल्या कुटुंबांच्या वस्त्या हाकेच्या अंतरावर होत्या. लातूरला त्या वेळी डाळ आणि तेलबियांचा व्यापार होता. व्यापाऱ्याच्या आडतीवर दहा-बारा माणसे असतात, हमाल रोजावर असतात. तिथे अकरा जणांना पगार देऊन संध्याकाळी चेंडू खेळायला सोडणे कुणाला परवडणार? जिथे मोठा पगारी कारखाना नाही, तिथे सांघिक खेळाचा व्यवसाय होऊ शकत नाही. एकट्याने खेळायचा खेळ मात्र होऊ शकतो. मराठवाड्यात कुस्ती टिकली आणि फुटबॉल आले नाही, याचे निम्मे कारण या साध्या हिशेबात आहे.

तो हिशेब जत्रेत दिसतो. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यात माळेगावला खंडोबाची यात्रा मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला सुरू होते. घोडे, उंट, गाढवे यांचा बाजार, तमाशांच्या राहुट्या आणि कुस्त्यांची दंगल. लातुरात महाशिवरात्रीपासून सिद्धेश्वराची यात्रा, तिथेही आखाडा. मार्गशीर्षापासून वैशाखापर्यंत गावोगावच्या जत्रा एकामागून एक येतात आणि तोच मल्लाचा हंगाम. दुपारी हलगी कडाडू लागते तेव्हा पहिल्यांदा लहान पोरांच्या कुस्त्या लागतात, त्या रेवड्यांवर. जिंकलेले पोर ओंजळभर रेवड्या घेते, हरलेल्यालाही दोन मिळतात. मग नारळावरच्या. मग पाच-दहा रुपयांच्या, मग शंभराच्या. प्रत्येक जोड लावताना पंच दोघांचे हात धरून त्यांना आखाड्याभोवती फिरवतो, वजन आणि अंग सगळ्यांना दिसावे म्हणून. गर्दीतून कुणीतरी ‘माझ्याकडून अजून एवढे’ म्हणून इनाम वाढवतो. ऊन उतरू लागते तसे आकडे चढतात, आणि अंधार पडता पडता मानाची शेवटची कुस्ती लागते: चांदीचे कडे, फेटा आणि त्या दिवसाची सर्वांत मोठी रक्कम. निकाली झाली तर विजेत्याला खांद्यावर घेऊन मिरवणूक. बरोबरीत सुटली तर इनाम निम्मे निम्मे आणि लोकांच्या तोंडी नाराजी.

ही व्यवस्था मी कमी लेखत नाही. तिच्यात पोराला सहाव्या-सातव्या वर्षी रेवडीपासून वर चढण्याची शिडी आहे. निवड सगळ्या गावासमोर होते, पैसा लोकांच्या खिशातून येतो आणि जात विचारल्याशिवाय हात धरला जातो, निदान आखाड्यात तरी. शेकडो वर्षे गावाने स्वतः चालवलेली ही क्रीडासंस्था आहे. पण तिच्यात वर्षभराचा पगार नाही. पावसाळ्यात जत्रा नसतात आणि जोर-बैठका तर रोजच्या. दूध, तूप, बदाम यांचा खुराक रोजचा, त्याचा भार घरच्या म्हशीवर आणि घरच्या शेतावर. दुष्काळात जत्रा आखडतात, म्हणजे घरचे उत्पन्न आणि बाहेरचे इनाम एकाच वेळी तुटते. गुडघा दुखावला की हंगाम गेला, दुसरा हंगाम गेला की नाव गेले. कामामोतोची कावीळ इथे झाली असती तर कारकिर्दीचा शेवट ठरली असती. मोठ्या नावांच्या जोड्या आधीच ठरवून नुरा कुस्ती खेळण्याचा रोग याच पोकळीतून वाढला: एका संध्याकाळच्या धोक्यावर ज्याचे वर्ष अवलंबून आहे तो माणूस धोका कमी करण्याच्या वाटा शोधणारच.

म्हणून ज्याला खरोखर मोठे व्हायचे होते त्याने गाव सोडले. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार हे याचे ठळक उदाहरण. जन्म १९५० चा, म्हणजे हैदराबाद राज्यात, बिदर जिल्ह्यात. ते सहा वर्षांचे झाले तेव्हा त्यांचे गाव जागचे न हलता दुसऱ्या राज्यात गेले. पुढे ते कोल्हापूरच्या तालमीच्या मातीत घडले. १९६९ मध्ये महाराष्ट्र केसरीचे अधिवेशन लातुरात भरले आणि किताब त्यांनीच पटकावला, आपल्या माणसांसमोर. लगेच १९७० मध्ये एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक. नंतर रुस्तुम-ए-हिंद हा किताब. दिल्लीच्या सतपालला त्यांनी हरवले ती कुस्ती जुने शौकीन आजही डावांसकट सांगतात. उतारवयात ते पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत पोरे घडवत राहिले. २००६ मध्ये त्यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला आणि २०११ मध्ये ते गेले. या आयुष्यात लातूर दोनदाच ठळक दिसते, जन्माला आणि किताबाला. घडण कोल्हापूरची, शिकवणे पुण्याचे.

लातूरचा मल्ल कोल्हापूरकडे वळावा याला भूगोलाचाही हात होता असे मला वाटते. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी १९११ मध्ये लातूरला पोचली आणि १९२७ पर्यंत तीच लाइन कुर्डुवाडी, पंढरपूर करत मिरजेपर्यंत गेली. लातूरचा रूळ हैदराबादकडे तोंड करून नव्हता. तो मिरजेला नेत होता आणि मिरजेहून कोल्हापूर उरतेच किती? निजामाच्या राज्यातल्या या शहराला राज्याच्या राजधानीपेक्षा छत्रपतींच्या कुस्तीचे शहर रुळावरून सोयीचे होते. एप्रिल २०१६ मध्ये लातूर तहानले तेव्हा पाण्याची रेल्वे आली तीही मिरजेहूनच, रुंद झालेल्या त्याच वाटेने.

त्या पाण्याच्या रेल्वेवरूनच दुसरा आक्षेप येतो. जिथे प्यायला पाणी नाही, काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात पाय धरते, तिथे फुटबॉलचे मैदान कसे राखणार? यात तथ्य आहे. आखाड्याला वीस-पंचवीस फुटांचा हौदा, तेल-ताकाने मळलेली माती आणि एक झाड पुरते. पण आंध्रातला अनंतपूर जिल्हा पाहा. पाऊस लातूरपेक्षाही कमी, दुष्काळासाठी प्रसिद्ध. तरी तिथे एका ग्रामीण विकास संस्थेने क्रीडा अकादमी उभारली आणि खेड्यांतल्या मुलामुलींच्या संघांची फुटबॉल लीग चालवली. तिथली जमीनही कोरडीच होती, पण खेळासाठी दरमहा खर्च करणारी एक संस्था तिथे येऊन थांबली. पाऊस हे कारण पुरेसे असते तर अनंतपूरला चेंडू दिसलाच नसता.

तिसरा आक्षेप जास्त विचार करायला लावणारा आहे: कुस्तीनेच फुटबॉलची जागा खाल्ली. ज्या समाजात मर्दपणा मातीत जोखला जातो तिथे चेंडूमागे धावणाऱ्याला मान मिळत नाही, असे म्हणतात. मात्र कोल्हापूरकडे पाहिले की हे म्हणणे टिकत नाही. कुस्तीचे एवढे वेड महाराष्ट्रात दुसऱ्या शहराला नाही, आणि फुटबॉलचेही नाही. तिथले संघ कोणते? पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम. नावातच तालीम आहे. कुस्तीसाठी पेठेने उभारलेली वास्तू, वर्गणी, वस्तादाचा दरारा आणि पोरांचा अड्डा हे सगळे जसेच्या तसे फुटबॉलला मिळाले. १९४० पासून कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन तिथे स्पर्धा चालवते. कुस्ती आणि फुटबॉल यांत तिथे भांडण झाले नाही, कारण दोघांना पोसणारी पेठ एकच होती. २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळलेला आघाडीपटू अनिकेत जाधव याच शहराचा. फरक असा, की कोल्हापूरचा राजा कोल्हापुरात राहत होता. खासबागेचे कुस्तीचे मैदान त्याने आपल्याच प्रजेसाठी बांधले. लातूर-नांदेडचा राजा दूर हैदराबादेत होता. गावचे देशमुख-पाटील मल्लाला जत्रेपुरते पागोटे बांधत, पण वर्षभर पेठ पोसेल अशी तालीम उभी करणारे शहर तिथे एकही नव्हते.

मग सगळे उत्तर कंपनीच्या मस्टरमध्ये आहे का? इथे माझ्याच म्हणण्याला मोठी अडचण आहे आणि ती लपवून चालणार नाही. जपानमध्ये जन्मलेला, भारतीय वडील आणि जपानी आईचा मुलगा आराता इझुमी २००६ मध्ये भारतात आला. कोलकात्याच्या ईस्ट बंगालनंतर तो मुंबईच्या महिंद्रा युनायटेडकडे, मग पुणे एफसीकडे आघाडीच्या फळीत खेळला. भारताकडून खेळता यावे म्हणून त्याने जपानचे नागरिकत्व सोडले आणि २०१३ मध्ये भारताची जर्सी घातली. पुढे तो एफसी पुणे सिटीतही होता. महाराष्ट्रातल्या त्याच्या या तीन क्लबांचे काय झाले? महिंद्राने आपला संघ २०१० मध्ये बंद केला. पुणे एफसी २०१२-१३ मध्ये आय-लीगमध्ये दुसरा आला आणि २०१४-१५ नंतर मैदानावर उतरला नाही. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गुंडाळला गेला. तिन्ही मस्टरे फाटली. जपानी आघाडीपटूची महाराष्ट्रातली कारकीर्द म्हणजे एकामागून एक विझत गेलेल्या दिव्यांचा प्रवास ठरला. म्हणजे पगार देणारी कंपनी असणे पुरेसे नाही.

यानमारच्या संघाचे पुढे काय झाले ते इथे उपयोगी पडते. १९९३ मध्ये जपानची व्यावसायिक जे-लीग सुरू झाली तेव्हा तिने अट घातली की क्लबाच्या नावात कंपनी नको, गाव हवे. यानमारचा संघ सेरेझो ओसाका झाला. सेरेझो म्हणजे स्पॅनिशमध्ये चेरीचे झाड, आणि चेरीचा बहर हे ओसाका शहराचे फूल. कंपनीने पैसा दिला, पण संघ शहराच्या हवाली केला. सुरुवातीला दहा क्लब होते, आज साठ आहेत, लहानसहान जिल्ह्यांच्या गावांतही. कारखान्याचे मस्टर ही पहिली पायरी होती. ती चढत असतानाच गावाने क्लब आपला मानला, म्हणून कंपनी बदलली तरी क्लब राहिला. पुण्या-मुंबईत पहिली पायरी होती, दुसरी चढलीच गेली नाही. लातूर-नांदेडात उलटे आहे: गावाने खेळ आपला मानलेला आहे, पिढ्यानपिढ्या, हलगीच्या ठेक्यावर. पहिली पायरीच तेवढी नाही.

पगार ही पायरी आज मल्लांना वेगळ्या वाटेने मिळते. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे बिराजदारांच्या हाताखाली वाढला आणि ते गेल्यावर लातूरच्या काका पवारांकडे शिकला. २०१८ मध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने सुवर्ण जिंकले, २०१९ मध्ये जागतिक स्पर्धेत कांस्य, आणि राज्य सरकारने त्याला पोलीस उपअधीक्षक केले. १९५० च्या हैदराबादेतली खात्याची वाट साठ-सत्तर वर्षांनी मराठवाड्याच्या पोरापर्यंत पोचली, पण ती पदकानंतर पोचते, घडण्याच्या वर्षांत नाही. घडण्याची ती दहा वर्षे अजूनही घरच्या म्हशीवर आणि वस्तादाच्या मायेवर जातात. काका पवार स्वतः ग्रीको-रोमन कुस्तीतले अर्जुन पुरस्कारविजेते. त्यांनी तालीम काढली ती पुण्यात. कारण उघड आहे: राज्याच्या दहा जिल्ह्यांतली पोरे पुण्यात येऊ शकतात, खोल्या घेऊ शकतात, शिकू शकतात, आणि पुरस्कर्तेही तिथेच भेटतात.

जानेवारी २०२० मध्ये पुण्याच्या बालेवाडीत महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती झाली. एका बाजूला नाशिकचा हर्षवर्धन सदगीर, दुसऱ्या बाजूला लातूरचा शैलेश शेळके. दोघेही काका पवारांच्या एकाच तालमीतले, रोज एकाच मातीत घाम गाळणारे. हर्षवर्धन ३-२ ने जिंकला. जिंकल्याबरोबर त्याने हरलेल्या शैलेशला खांद्यावर उचलून घेतले आणि मैदानाला फेरी मारली. लातूरचा वस्ताद, लातूरचा मल्ल, आणि दोघांची रोजची माती लातूरपासून सव्वातीनशे किलोमीटरवर.